शनिवारचा पास्ता, बारा पानं: पाकीट, टोप, चीज आणि ते पास्ता मशीन

हाताने फिरवायचं पास्ता मशीन बारा जणांच्या जेवणासाठी घेऊ नका. चौघांसाठी हौसेने घ्या, मुलांना सुट्टीत पीठ लाटायला बसवायचं असेल तर जरूर घ्या. पण दर शनिवारी घरचे, शेजारचे आणि डोंबिवली-ऐरोलीहून येणारे धरून बारा पानं मांडायची असतील, तर तेच पैसे दोन मोठे टोप, एक रुंद कढई आणि चांगल्या सुक्या पास्त्यावर घाला. असा बेत नियमित करायचा ठरला की खरेदी बहुतेकदा मशीनपासून सुरू होते, म्हणून निकाल आधीच सांगून टाकला.

बेत दिसायला सोपा. पाणी उकळायचं, सॉस करायचा, वर चीज किसायचं. कसोटी लागते ती पास्ता पाण्यातून निघाल्यापासून ताटात पडेपर्यंतच्या पाच-सात मिनिटांत. दोघांसाठी ती मिनिटं सहज निभावतात. बारा जणांचं म्हटलं की पाणी लवकर उकळत नाही, टोप उचलवत नाही, कढईत पास्ता मावत नाही. खालची प्रत्येक वस्तू या पाच-सात मिनिटांत उपयोगी पडते की नाही, एवढ्याच हिशेबाने पाहिली आहे.

सुका पास्ता: पाकिटाची मागची बाजू वाचा

प्रमाण आधी ठरवू. मोठ्या माणसाला सुका पास्ता १०० ग्रॅम, बारीक जेवणाऱ्याला ८०, लहान मुलाला ५० ते ६०. मुलं धरून बारा माणसं असतील तर १ किलो पुरतो, म्हणजे ५०० ग्रॅमची दोन पाकिटं. शिजल्यावर वजन दुपटीच्या थोडं वर जातं. सोबत पाव आणि सॅलड असेल तर एक किलोतही थोडा उरतोच.

पाकीट उलटं करून घटक पाहा. तिथे ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ एवढंच असायला हवं. ड्युरम म्हणजे कडक, पिवळसर गहू. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा, आणि बन्सी रवा ज्यांच्या घरी येतो त्यांना त्याचा रंग आणि मोकळेपणा ओळखीचा असेल. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच असावा असं बंधन घातलं. आपल्याकडे ड्युरमचा, साध्या रव्याचा, मैदा मिसळलेला असे सगळे प्रकार एकाच कप्प्यात शेजारी शेजारी असतात आणि समोरून पाकिटं सारखीच दिसतात. नुसता ‘रवा’ किंवा ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ लिहिलेला पास्ता चौघांसाठी चालून जाईल. बारा जणांसाठी तो धोक्याचा, कारण त्याला चुकीची मुभा नसते. दोन मिनिटं जास्त झाली की कडा विरघळतात, पाणी खळीसारखं होतं आणि कढईत हलवताना पेनेच्या नळ्यांचे तुकडे पडतात.

दुसरा आकडा प्रथिनांचा. १०० ग्रॅमला १२ ग्रॅमच्या खाली असेल तर परत ठेवा. १३-१४ असेल तर उत्तम. शिजताना पास्त्याचा आकार धरून ठेवणारी जाळी प्रथिनांचीच असते. ती दाट असली की आतला स्टार्च बाहेर सुटत नाही, आणि ‘अजून दोन मिनिटं, काका लिफ्टमध्ये आहेत’ हा प्रसंग निभावून नेता येतो.

तिसरी गोष्ट पृष्ठभागाची. पास्ता ज्या साच्यातून दाबून काढतात तो ब्राँझचा असेल तर कड खरखरीत येते, पास्ता फिकट आणि पीठ लागल्यासारखा दिसतो आणि सॉस त्याला धरून राहतो. टेफ्लॉनच्या साच्यातला पास्ता पिवळाधमक, चकचकीत असतो आणि सॉस ताटाच्या तळाशी जातो. पाकिटावर ब्राँझचा उल्लेख असतोच, कारण तो विकण्याचा मुद्दा आहे. इथे सहज मिळणाऱ्या आयात पास्त्यांत डे चेको ब्राँझ साच्याचा. ही इटलीच्या आब्रुत्सो भागातली, १८८६ पासूनची कंपनी. पार्माच्या बारिलाचा (१८७७) नेहमीच्या निळ्या खोक्यातला पास्ता त्यापेक्षा गुळगुळीत, पण दर वेळी अगदी एकसारखा शिजतो, आणि गर्दीच्या स्वयंपाकात हा गुण मोठा. नेपल्सजवळच्या ग्रान्यानोचा पास्ता (२०१३ पासून त्याला युरोपचं भौगोलिक मानांकन आहे) चवीला सरस आहे, पण तो दोघांच्या जेवणासाठी राखून ठेवा. चीज आणि लसणीच्या माऱ्यात बारा जणांना फरक कळणार नाही. देशी पाकिटांमध्येही ड्युरमचे चांगले पास्ते आहेत आणि दर आठवड्याच्या बेताला तेच परवडतात. नवीन पाकीट पंगतीआधी तपासून घ्या: ५० ग्रॅम पास्ता लिहिलेल्या वेळेपेक्षा ३ मिनिटं जास्त शिजवा. तरीही चमच्याने हलवल्यावर अख्खा राहिला तर एक किलो आणायला हरकत नाही.

आकार निवडताना स्पॅगेटीचा मोह टाळा. लांब पास्ता गर्दीसाठी त्रासदायक. तो सोडला की पहिल्या दोन मिनिटांत गठ्ठा बांधतो, कढईत नीट परतला जात नाही, वाढताना चिमट्याने अर्धा खाली पडतो आणि आजी-आजोबांना काट्याला गुंडाळून खायला लावणं काही बरं नाही. पेने, पिळाची फुसिली, जाड नळ्यांची रिगातोनी यातलं काहीही घ्या. रेषा असलेला पेने सगळ्यात सहनशील. फुसिली सॉस चांगला धरते, पण तिच्या पाकळ्या मधल्या दांड्याच्या आधी शिजतात, म्हणून तिच्याकडे लक्ष जास्त द्यावं लागतं. एल्बो मॅकरोनी मुलांना आवडते, मात्र ती टोपात थांबत नाही, भराभर फुगते.

ज्वारी, नाचणी, मसूर यांचे पास्ते अलीकडे बरेच दिसतात. गहू मिसळलेला नसेल तर त्यात ग्लूटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नसतं, त्यामुळे ते वेगळ्या पातेल्यात, थोड्या प्रमाणात, न ढवळता शिजवावे लागतात. एखाद्या पाहुण्याला गहू चालत नसेल तर त्याच्यापुरते करा. सगळ्यांसाठी केलेत तर शेवटी पिठलं वाढावं लागेल.

एक सोय जाता जाता. सुक्या ड्युरम पास्त्यात अंडं नसतं, त्यामुळे शनिवार पाळणारे, श्रावण पाळणारे सगळे एकाच टोपातलं जेवू शकतात. तरी पाकिटावरचा ठिपका बघाच. अंड्याचे नूडल्स आणि ताग्लियातेल्ले (अंड्याच्या पास्त्याच्या पट्ट्या) त्याच कप्प्यात असतात आणि त्यांच्यावर तपकिरी खूण असते.

पावसाळ्यात सुटा पास्ता घेऊ नका. किराणा दुकानातल्या पोत्यातल्या पास्त्यात पोरकिडे होतात आणि ते पेनेच्या नळीत बसले की वरून दिसत नाहीत. पाकिटाच्या तळाशी बारीक पीठ साठलेलं दिसलं तर तीच खूण समजा.

टोप, बर्नर आणि १३ किलोचं ओझं

नेहमीचं इटालियन माप असं: १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. एक किलोला १० लिटर. म्हणून अनेकजण १५-२० लिटरचं एकच मोठं पातेलं आणतात किंवा सोसायटीच्या गणपतीच्या प्रसादाचं भांडं मागून घेतात. हे करू नका, त्याची दोन कारणं.

पहिलं, घरगुती शेगडी. ५ लिटर पाणी मोठ्या बर्नरवर, झाकण ठेवून, उकळायला साधारण २० मिनिटं लागतात. १० लिटरला ४० च्या आसपास. भांड्याचा तळ बर्नरपेक्षा कितीही रुंद असला तरी ज्योत तेवढीच, मग ती सिलिंडरची असो की पाइपच्या गॅसची. दुसरं कारण जास्त गंभीर. १० लिटर उकळतं पाणी, एक किलो पास्ता आणि टोप मिळून १३ किलोचं ओझं होतं. ते ओट्यावरून उचलून सिंकमध्ये ओतताना हात भाजण्याची शक्यता खरी आहे, आणि आपल्या फ्लॅटमधल्या सिंकला एवढं पाणी एकदम झेपतही नाही. ते उडून अंगावर येतं.

त्याऐवजी प्रत्येकी ८ लिटरचे दोन टोप घ्या. दोन बर्नर, दोन टोप, प्रत्येकात ५ लिटर पाणी आणि ५०० ग्रॅम पास्ता. वर राहिलेली जागा फेसासाठी लागते; ६ लिटरच्या टोपात ५ लिटर पाणी घातलं तर फेस ज्योतीवर येणारच. शेगडीचा दुसरा बर्नर लहान असतो, तिथलं पाणी मागे पडतं. म्हणून त्या टोपात विजेच्या किटलीतून दीड-दीड लिटर उकळतं पाणी दोनदा ओता आणि मगच झाकण ठेवा. २००० वॉटची इंडक्शन शेगडी असेल तर ५ लिटर १५ ते १७ मिनिटांत उकळतं आणि ओट्यावरची एक ज्योत सॉससाठी मोकळी राहते. टोपाचा तळ मात्र चुंबक धरणारा हवा. जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं भांडं इंडक्शनवर चालत नाही, आणि टोमॅटोच्या सॉसलाही ते वापरू नये. आंबटपणाने धातू सुटतो, सॉसला कसनुसा वास येतो.

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात भांडी वजनावर घ्यायला मिळाली तर तळ बोटाने दाबून बघा. पातळ तळाचा टोप पाणी उकळायला चालतो, पण पास्ता ढवळायचा राहिला तर तळाशी चिकटतो. कान दोन्ही बाजूंना, रिवेट ठोकलेले हवेत. वेल्डिंगच्या टिपक्यावर उभे असलेले कान सात-आठ किलोच्या उकळत्या टोपाला पुरणार नाहीत.

पास्ता निथळायला मोठी चाळणी किंवा स्टीलची रोवळी. अजून सोपं म्हणजे टोप हलवूच नका. जाळीच्या खोल झाऱ्याने पास्ता थेट शेजारच्या कढईत उचला. पेनेला हीच पद्धत उत्तम. ओझं उचलावं लागत नाही, आणि पास्त्याचं पाणी टोपातच राहतं. ते पाणी पुढे सॉसला लागणार आहे.

पाणी कमी चालेल का? चालतं. ५०० ग्रॅमला साडेतीन लिटरमध्येही पास्ता नीट शिजतो, फक्त पहिली दोन मिनिटं सतत ढवळावं लागतं. चिकटतो तो त्याच वेळात. बाहेरचा स्टार्च फुगून डिंकासारखा झालेला असतो आणि अजून पाण्यात सुटलेला नसतो. तेवढा वेळ गेला की पुढे अधूनमधून हलवलं तरी पुरे. पाण्यात तेल घालण्याने काहीच साधत नाही. ते वर तरंगतं आणि निथळताना पास्त्यावर बसून सॉसला घसरवतं. मीठ मात्र पाण्याच्या मापाने: साडेतीन लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे सपाट सहा-सात चहाचे चमचे. वर खारट चीज पडणार असेल तर २५ ग्रॅमवर थांबा.

कढई: इथेच पैसे घाला

५०० ग्रॅम सुका पास्ता शिजून १.१ किलो होतो. वर ७०० ग्रॅम सॉस. हे परतायला २४ सेंटिमीटरचा नॉनस्टिक पॅन कुठेच पुरत नाही. ३२ सेंटिमीटरची, पाच लिटरची, जाड बुडाची स्टीलची कढई हवी. घरात पुरणपोळीचं पुरण आटवायला ठेवलेली असते ती चालते.

कृती अशी. पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी पास्ता काढा; मधोमध चावला तर पांढरा ठिपका दिसायला हवा. सॉस कढईत उकळता असू द्या. पास्ता टाका, त्यावर टोपातलं दीडशे ते दोनशे मिलिलिटर पाणी घाला, आच मोठी करा आणि दीड-दोन मिनिटं खालून वर हलवत राहा. पाण्यातला स्टार्च तेल आणि टोमॅटोचा रस एकत्र बांधतो. सॉस चमकायला लागतो आणि कढईत चमचा ओढला तर मागची वाट क्षणभर उघडी राहते. तिथे थांबा. गॅस बंद करून मग चीज. ज्योतीवर चीज टाकलं तर त्याचे धागे होऊन कढईला चिकटतात.

सॉस जरासा पातळच वाटला पाहिजे. बारा पानं वाढेपर्यंत पास्ता अजून शोषणार असतो. कॅसरोलच्या डब्यात ठेवायचा असेल तर प्रत्येक पाच मिनिटांनी एक पळी गरम पाणी लागेल, आणि वीस मिनिटांच्या पुढे कसलीही पळी उपयोगाची नाही.

पाहुणे उशिरा येणार हे गृहीत धरा. माजिवड्याला अडकलेली गाडी किंवा रद्द झालेली लोकल पास्त्यासाठी थांबत नाही. हॉटेलांमध्ये करतात तसं करा: पास्ता लिहिलेल्या वेळेच्या साधारण ६० ते ६५ टक्के शिजवा, निथळा, परातीत पसरा, दोन चमचे तेल चोळा, गार झाल्यावर झाकून फ्रीजमध्ये ठेवा. टोपातलं पाणी फेकू नका. ऐनवेळी त्याच उकळत्या पाण्यात दीड ते दोन मिनिटं बुडवला की पास्ता कढईसाठी तयार. तेल लावायची आणि गार पाण्याखाली धरायची परवानगी फक्त इथे आणि पास्ता सॅलडला. ज्यांना मऊ लागतो त्यांचा वाटा दोन मिनिटं जास्त बुडवा, ज्येष्ठांची सोय होते.

टोमॅटो: पावसाळ्यात डबा, हिवाळ्यात बाजार

एक किलो पास्त्याला ४०० ग्रॅमचे चार डबे सोललेले टोमॅटो, किंवा अडीच ते तीन किलो ताजे. सोबत १०० मिलिलिटर ऑलिव्ह तेल, वीस-एक पाकळ्या लसूण (आपली लसूण लहान असते), दोन चहाचे चमचे मीठ.

ताजे घेताना लांबट, अंड्याच्या आकाराचे, पूर्ण लाल, दाबल्यावर किंचित मऊ असे घ्या. जाड सालीचे कडक संकरित टोमॅटो प्रवासासाठी घडवलेले असतात. त्यात गर असतो, आंबटपणा कमी आणि गोडी त्याहून कमी. तळाला चिरा देऊन उकळत्या पाण्यात ४५ सेकंद, मग गार पाण्यात, साल सुटते. शिजवताना वजन जवळजवळ निम्मं होईपर्यंत आटवा. मोठ्या कढईत मध्यम आचेवर पाऊण तास लागतो. कुकरच्या शिट्ट्या देऊ नका; पाणी आटत नाही, नुसते टोमॅटो शिजतात. डिसेंबर-जानेवारीत तुर्भ्याच्या एपीएमसीतून क्रेट आणून सॉस करून ठेवावा असा भाव असतो. जून ते ऑगस्ट हे विसरा: पाणीदार फळ आणि भडकलेला भाव. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली होती, तेव्हा आयात डबा स्वस्त वाटू लागला होता.

डब्यावर ‘सोललेले टोमॅटो, टोमॅटोचा रस’ एवढंच असावं. सान मार्झानो या इटलीतल्या नावाजलेल्या टोमॅटोचं नाव छापलेले सगळेच डबे त्या भागातले नसतात. खऱ्यावर डीओपीची, म्हणजे युरोपच्या भौगोलिक मानांकनाची, लाल-पिवळी मुद्रा असते. रोजच्या पंगतीला तीही गरज नाही. देशी टोमॅटो प्युरी वापरायची असेल तर साखर आणि मक्याचा स्टार्च नसलेली निवडा आणि तेलात दहा मिनिटं परता, म्हणजे कच्चा डबाबंद वास जातो. आंबट लागली तर साखर चिमूटभर, किंवा सुरुवातीला तेलात एक किसलेलं गाजर. केचप मुलांच्या ताटात वेगळं द्या, कढईत नको.

लसूण गार तेलात टाकून मंद आचेवर तापवा. तांबूस होण्याआधी टोमॅटो पडलाच पाहिजे, करपलेली लसूण तीन किलो टोमॅटोलाही कडू करते. पंगतीत जैन किंवा चातुर्मास पाळणारे असतील तर टोमॅटो आधी नुसत्या तेल-मिठावर आटवा, त्यांचा वाटा काढा आणि उरलेल्यात लसणीची फोडणी वरून द्या. उलट क्रमाने दोन वेगळे सॉस करावे लागतात.

बेझिलची जुडी मॉलमध्ये मिळते आणि दुसऱ्या दिवशी काळी पडते. फ्रीजमध्ये ठेवू नका. दांडे पाण्यात बुडवून ओट्यावर, ऊन टाळून ठेवा. कुंडीत लावायचं तर माहिती असू द्या की आपला सब्जा त्याच प्रजातीचा आहे. घरी सब्ज्याचं रोप असेल तर त्याची कोवळी पानं चालतात, वास थोडा उग्र असतो इतकंच. तुळस मात्र नाही. लवंगेसारखी चव सॉसवर बसते.

चीज आणि पांढरा सॉस

पार्मेजानो रेज्जानो, म्हणजे किसून घालायचं इटलीचं कडक चीज, शाकाहारी नाही. त्याच्या नियमांतच वासराच्या जठरातलं रेनेट (दूध फाडून घट्ट करणारं द्रव्य) ठरलेलं आहे, ग्राना पादानो या तसल्याच चीजचंही तेच. पाहुण्यांपैकी कोणी काटेकोर असेल तर हे आधी सांगणं तुमच्यावर आहे, ताटात किसून झाल्यावर नव्हे. सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटची देशी कडक चीज आता मिळतात आणि किसून वर टाकायला चांगली आहेत. बारा जणांना १०० ते १२० ग्रॅम पुरे, पण वाढायच्या वेळी ताजं किसलेलं. हिरव्या डबीतली चीज पावडर घेण्यापेक्षा काहीच न घातलेलं बरं.

पांढऱ्या सॉसमध्ये मात्र उलटं. इथे अमूलचं साधं प्रोसेस्ड चीज महागड्या चेडरला मागे टाकतं, कारण त्यातले इमल्सिफाइंग क्षार चीजमधलं तेल आणि पाणी वेगळं होऊ देत नाहीत. ५०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर दूध, ५० ग्रॅम बटर, ५० ग्रॅम मैदा आणि २५ ग्रॅमच्या सहा चीज क्यूब. मैदा बटरमध्ये दोन मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. दूध गार, तीन हप्त्यांत. गुठळ्या होतात त्या गरम मैद्यावर गरम दूध एकदम ओतल्याने. दूध फुल क्रीम (६ टक्के स्निग्धांश) असेल तर सॉस लवकर जड होतो, म्हणून मैदा ४० ग्रॅम किंवा दूध टोन्ड (३ टक्के) घ्या. चमच्याच्या पाठीवर पातळ थर बसला की बंद करा; तो ताटात दाट होणारच आहे. मीठ शेवटी, चाखून. चीजमध्ये ते पुरेसं असतं.

ऑलिव्ह तेलावर फार डोकं चालवू नका. शिजवायला पोमेस (चोथ्यातून काढलेलं) किंवा साधं, वरून घालायला एक लहान बाटली एक्स्ट्रा व्हर्जिन, काळ्या काचेची. विकतचा गार्लिक ब्रेड तर नकोच. लादी पाव आडवा चिरून, लसूण-बटर लावून तव्यावर उलटा दाबला की काम झालं.

आणि ते मशीन

आता मशीन. मार्काटोचं ॲटलस १५० हे यातलं नावाजलेलं. १५० म्हणजे पट्टीची रुंदी मिलिमीटरमध्ये. त्याच घडणीची स्वस्त मशीन ऑनलाइन बरीच आहेत. दोन रोलर, रोलरमधली फट ठरवणारा, बाजूला ओढून फिरवायचा गोल आकडेवारी खटका, काढता येणारं हँडल, रुंद आणि अरुंद पट्ट्या कापणारा वेगळा भाग आणि ओट्याला आवळायचा क्लॅम्प.

पहिली अडचण क्लॅम्पची. आपल्या ओट्याला ग्रॅनाइटची दुहेरी गोल कड असते आणि खाली लगेच ट्रॉलीचं दार. क्लॅम्पला पकडायला जागाच नसते. जेवणाच्या टेबलाला लावावं लागतं, आणि टेबल हलकं असेल तर हँडलबरोबर तेही फिरतं. घ्यायच्या आधी ओट्याची कड मोजा.

दुसरी, पीठ. इटालियन कृतीत १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं असतं. आपलं अंडं लहान, कवच सोडून ४५ ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे मैदा ८० ते ८५ ग्रॅम धरा, नाहीतर पीठ रोलरमध्ये फाटतं. बिनअंड्याचं करायचं तर बन्सी रवा मिक्सरमधून काढून चाळणीने बारीक करा, १०० ग्रॅमला ५० मिलिलिटर कोमट पाणी, दहा मिनिटं मळणं आणि अर्धा तास झाकून ठेवणं. जाड रवा तेवढ्या वेळात भिजत नाही, पट्टी खडबडीत येते. जुलैच्या दमट हवेत पाणी पाच मिलिलिटर कमी घाला.

लाटताना सगळ्यात रुंद फटीतून पट्टी घडी घालून पाच-सहा वेळा काढा, मग एकेक अंक पुढे. फेतुचिनेला सहा नंबरला थांबा. अरुंद कापणीचा भाग जरा ओलसर पीठ मिळालं की अडकतो. कापण्याआधी पट्टी दहा मिनिटं उघडी वाळवा, दोन्ही बाजूंना कोरडं पीठ भुरभुरवा. मशीन पाण्याने कधीही धुवू नका. आतल्या गिअरना पाणी लागलं की गंज, आणि पहिल्या पट्टीवर काळे डाग. पीठ वाळू द्या, ब्रशने झाडा, टाकाऊ पिठाचा गोळा एकदा फिरवा.

आणि आता गणित. बारा जणांना ताजा पास्ता दीड किलो लागतो, म्हणजे एक किलो मैदा आणि अकरा-बारा अंडी. शंभर ग्रॅमचे पंधरा गोळे, प्रत्येक गोळ्याच्या दहा-बारा फेऱ्या: दीडशेहून जास्त वेळा पट्टी रोलरमधून जाणार. दोन माणसं, दीड तास. शिवाय तो दीड किलो एकमेकांना न चिकटता पसरायला जागा हवी, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात तो वाळतच नाही. ताजा पास्ता दोन-तीन मिनिटांत शिजतो हे खरं. पण एका टोपात ३००-४०० ग्रॅमच्या वर टाकला तर गोळा होतो, म्हणून चार घाणे काढावे लागतात आणि पहिला जेवून उठेपर्यंत शेवटचा ताटावर येतो. चौघांच्या लसान्याला मात्र हे मशीन खरोखर कामाचं आहे. पट्ट्या सरळ ट्रेमध्ये जातात, कापायचं नाही, वाळवायचं नाही.

ज्या कढईत चीज घातलं ती आधी गार पाण्यात भिजवा; गरम पाण्याने चीज आणि मैदा घट्ट बसतात आणि सकाळी मावशींना घासणीने खरवडावं लागतं. उरलेला टोमॅटो सॉस पास्त्यात न मिसळता वेगळा ठेवा. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, सपाट पिशवीत फ्रीझरमध्ये तीन महिने. पांढरा सॉस गोठवू नका, फुटतो. तो रविवारी सकाळी टोस्टवर, तव्यावर झाकण ठेवून संपवा.